दुखतंय किती?

गेल्या पावसाळ्यात मी एका माणसाशी धडधडीत खोटं बोलले. त्यानं विचारलं होतं, "शून्य ते दहामध्ये दुखतंय किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही." त्याचा अंगठा माझ्या उजव्या नडगीच्या आतल्या कडेवर, घोट्यापासून साधारण वीतभर वर टेकलेला होता. खरा आकडा सहा होता. मी म्हणाले, "तीन."

हा माणूस माझा फिजिओथेरपिस्ट. म्हणजे खरं सांगता यावं म्हणूनच मी ज्याला पैसे देत होते, असा माणूस. त्याच्याशी खोटं बोलून मला काही मिळणार नव्हतं. शाळेत गृहपाठ राहिला की बाई रागावतात, म्हणून मुलं खोटं बोलतात. ऑफिसात साहेब आहे म्हणून मोठी माणसं बोलतात. इथं रागावणारं कुणी नव्हतं, पगार कापणारं कुणी नव्हतं. पाय माझा, हाड माझं, पैसे माझे. तरीही मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, बँकेत बावीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात घालवल्यावर, स्वतःचा एक आकडा निम्म्यानं कमी करून सांगितला. का सांगितला, या प्रश्नाचा हा लेख आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, हे एकामागोमाग एक, मध्ये घड्याळ न थांबवता. मी ज्या शर्यतीसाठी तयारी करत होते ती 'हाफ आयर्नमॅन'. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. या अंतरांची मैलांमधली बेरीज ७०.३ होते, म्हणून तिला तेही नाव आहे. २०१९मध्ये ती गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली आणि त्यानंतर पुण्या-कोल्हापुरातल्या आमच्यासारख्या बऱ्याच मध्यमवयीन माणसांची झोप उडाली. मी पस्तिशीपर्यंत बस पकडायलाही धावले नव्हते. पण कुणाच्या तरी नादानं वेताळ टेकडीवर चालायला लागले, चालण्याचं धावणं झालं, धावण्यानं सायकल आणली आणि सायकलीनं टिळक तलाव. फी भरली, हॉटेल ठरलं, नवऱ्यानं सुट्टी टाकली. शर्यतीला बारा आठवडे होते आणि नडगी दुखायला लागली.

आधी ती पहिल्या किलोमीटरला दुखायची आणि मग पाय गरम झाला की थांबायची. मी म्हटलं, ठीक आहे. मग ती तिसऱ्या किलोमीटरपर्यंत दुखायला लागली. मग सगळा वेळ. मग धावून आल्यावर आंघोळ करताना. मग रात्री कूस बदलताना. हा क्रम कुठल्याही डॉक्टरला पाठ असतो. मलाही तो पाठ झाला होता, कारण प्रत्येक पायरीवर मी नेटवर वाचत होते. आणि प्रत्येक पायरीवर आपण अजून आधीच्याच पायरीवर आहोत, असं स्वतःला पटवत होते.

शेवटी एमआरआय झाला. एक्स-रेमध्ये काहीच दिसलं नव्हतं आणि त्या चार दिवसांत मी फार आनंदात होते. पण हाडावर ताण येऊन झालेली इजा सुरुवातीला एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज स्पष्ट दिसली. तडा जाण्याच्या अलीकडची अवस्था. अस्थिरोगतज्ज्ञांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "आठ आठवडे धावणं बंद. आणि हे तीन नाहीये हं." फिजिओनं चिठ्ठीत माझा आकडा लिहिला होता.

*

हाडाबद्दल मला त्या आठवड्यात जे कळलं ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही. हाड आपल्याला विटेसारखं वाटतं, एकदा भाजलं की झालं. खरं तर ते सतत पाडलं आणि बांधलं जात असतं. हाडावर भार आला की काही पेशी थकलेला भाग पोखरून काढतात, दुसऱ्या पेशी तिथं नवा भाग भरतात. पाडणाऱ्यांचं काम काही आठवड्यांत होतं, बांधणाऱ्यांना काही महिने लागतात. त्यामुळे नवा व्यायाम सुरू केल्यावर मध्ये एक काळ असा येतो की हाड आधीपेक्षा कमजोर असतं. त्या काळात थोडी उसंत दिली की ते आधीपेक्षा मजबूत होतं. नाही दिली की पाडकाम बांधकामाच्या पुढे जातं. धावताना मिनिटाला साधारण एकशे साठ-सत्तर पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला जमीन आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोरानं उलट ढकलते. तासाभरात दहा हजार ठोके. मी जून आणि जुलैमध्ये धावण्याचं अंतर जवळजवळ दुप्पट केलं होतं.

यात एक गोष्ट मला विशेष वाटली. हाडाला मजबूत करणारी गोष्ट आणि हाड मोडणारी गोष्ट एकच आहे: भार. म्हणजे 'शरीराला त्रास देऊ नये' हा सल्ला चुकीचा आहे. त्रास दिलाच नाही तर हाड ठिसूळ होतं, हे अंतराळात काही महिने राहून आलेल्या माणसांच्या हाडांवरून कळतं. आणि 'त्रास सहन करत राहावं' हाही सल्ला चुकीचा आहे. मग माणसानं करायचं काय?

आम्हा हौशी खेळाडूंकडे याचं एक तयार उत्तर असतं: शरीराचं ऐका. फार गोड वाक्य आहे आणि फार निरुपयोगी. कारण माझं शरीर रोज पहाटे पावणेपाचला मला सांगतं की आज राहू दे. शरीराचं ऐकलं असतं तर मी बसमागेही धावले नसते. तेच शरीर साठाव्या किलोमीटरला सायकलवर सांगतं की आता मरतेस, आणि सत्तराव्याला गाणी म्हणतं. शरीर खरं बोलतं तसं ते कांगावाही करतं. उलट जिथं खरोखर धोका असतो तिथं ते पाय गरम झाला की गप्प बसतं. तेव्हा ऐकायचं, हे मान्य. पण कधी?

*

ज्या खेळात मी शिरले होते, त्या खेळाची जन्मकथाच या प्रश्नाचं एक उत्तर देते. फेब्रुवारी १९८२मध्ये हवाईत आयर्नमॅन शर्यत होती. ही पूर्ण, म्हणजे आमच्या दुप्पट. ज्युली मॉस नावाची तेवीस वर्षांची विद्यार्थिनी आपल्या प्रबंधाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यात उतरली होती आणि कुणालाही अपेक्षा नसताना बायकांमध्ये सर्वांत पुढे होती. शेवटची रेषा काही मीटरवर आली आणि तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. शेवटी ती रांगायला लागली. ती रांगत असताना दुसरी स्पर्धक, कॅथलीन मॅकार्टनी, शेजारून धावत जाऊन जिंकली. ज्युली रांगत रेषेपर्यंत पोचली आणि तिनं हात पलीकडे टेकवला. अमेरिकन टीव्हीवर हे दृश्य दिसलं आणि हा खेळ जगभर पोचला. विजेतीचं नाव फारसं कुणाला आठवत नाही. रांगणारीचं सगळ्यांना आठवतं.

मी ते दृश्य कितीदा पाहिलं असेल याची गणती नाही. दर वेळी डोळ्यांत पाणी येतं. आपल्याकडेही अशाच गोष्टींवर आपण वाढलेलो असतो. पाय रक्ताळले तरी चालत राहिलेले, बोटं तुटली तरी सोडलं नाही असे. चिकाटी, जिद्द, नेट, हे शब्द आपण मुलांना बक्षिसासारखे वाटतो. आणि त्याच गुणाला, फक्त शेवट वाईट झाला की, हट्ट किंवा आडमुठेपणा म्हणतो. ज्युली मॉस त्या रात्री दवाखान्यात दगावली असती तर तिचं रांगणं आपण कशाचं उदाहरण म्हणून सांगितलं असतं? म्हणजे चिकाटी आणि हट्ट यांतला फरक निकालावर ठरतो का? तसं असेल तर तो नैतिक फरक नाहीच, नशिबाचा आहे. आणि शर्यतीच्या आधी, निकाल माहीत नसताना, मला तो काही कामाचा नाही.

ॲरिस्टॉटलनं धैर्याची जागा भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये कुठेतरी दाखवली, हे कॉलेजात वाचलं होतं. तेव्हा ते फार गुळमुळीत वाटलं होतं. आता पुन्हा वाचताना त्यातलं पैलवानाचं उदाहरण दिसलं. दहा मापं अन्न फार आणि दोन फार कमी, म्हणून प्रशिक्षकानं सगळ्यांना सहा वाढायचं नसतं, असं तो म्हणतो. मायलोसारख्या मल्लाला ते थोडं आणि नवशिक्याला जास्त. म्हणजे मधली जागा मोजपट्टीनं सापडत नाही, माणूस बघून ठरवावी लागते. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार येतात, आणि मूढ हट्टानं स्वतःला पीडा देत केलेलं तप तिथं सर्वांत खालच्या, तामस गटात टाकलेलं आहे. माझ्या आजीला अध्याय पाठ होते आणि ती निर्जळी उपासही करायची. या दोन्ही गोष्टी तिनं एकमेकींना कधी भेटू दिल्या नाहीत. मीही तिचीच नात.

तर माझ्या प्रश्नाला मी एक उत्तर शोधून काढलं. ते मला बरेच दिवस पटलं होतं. असं: दुखणं किती आहे यावरून चिकाटी आणि हट्ट वेगळे करता येत नाहीत. पण ते दुखणं दुसऱ्याला जसंच्या तसं सांगता येतंय का, यावरून येतात. सत्तराव्या किलोमीटरला मांड्या पेटलेल्या असतात तेव्हा मी शेजारच्या सायकलवाल्याला ओरडून सांगते, मेले रे बाबा! त्यात लपवण्यासारखं काही नसतं. नडगीचं मात्र मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, धावणाऱ्या गटाला सांगितलं नव्हतं, आणि ज्याला सांगितलं त्याला निम्मं सांगितलं. ज्या क्षणी दुखणं लपवावं लागतं, त्या क्षणी आपण ते सोसत नसतो, त्याची चोरी करत असतो. कारण सांगितलं तर समोरचा 'थांब' म्हणेल, हे आपल्याला माहीत असतं. म्हणजे थांबायला हवं, हेही आपल्याला माहीत असतं. मी फिजिओशी खोटं बोलले तेव्हा त्याला फसवलंच नव्हतं. मला जे आधीच कळलं होतं ते त्याच्या तोंडून ऐकायचं टाळलं होतं.

सुटसुटीत कसोटी होती. मी ती वहीतही लिहून ठेवली. तिचा निकाल लावला तो आमच्या स्वयंपाकघरातच.

*

ट्रायथलॉन करणाऱ्याला दुखापत झाली की लोक म्हणतात, बरं आहे, बाकीचे दोन खेळ आहेत. खरंच आहेत. मला पोहायची आणि सपाटीवर सायकल चालवायची परवानगी होती. तलावात कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात उभ्यानं धावण्याचा एक प्रकार असतो. तोही सांगितला होता. तळाला पाय लागत नाही, हात-पाय मारत राहायचं, आणि तासाभरात पंचवीस मीटरही पुढे जायचं नाही. शेजारच्या पट्ट्यातली सात-आठ वर्षांची मुलं थांबून बघायची. एकानं विचारलं, "काकू, तुम्हाला पोहता येत नाही का?"

घरी मी पाय उशीवर ठेवून बसायचे, बर्फ लावून. आठ आठवडे कमी उभं राहायचं, जिने टाळायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, जुनी इमारत आहे, लिफ्ट नाही. दिवसातून दोनदा चढ-उतार करायला लागली की मी कठड्याला धरून कण्हत चढायचे. असंच एकदा चढताना खालून आमच्या मावशी आल्या. मावशी म्हणजे आमच्याकडे नऊ वर्षं पोळ्या-भाजी करायला येणाऱ्या. केळेवाडीहून चालत येतात. त्याही कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होत्या. मी त्यांना तसं चढताना कितीदा पाहिलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा माझी आणि त्यांची गती एक होती.

"मावशी, गुडघा दुखतोय का?"

"दुखतोय की."

"कधीपासून?"

"झाली की चार-पाच वर्सं."

मग मी, फिजिओकडून शिकलेलं, विचारलं. शून्य ते दहामध्ये किती? त्या हसल्या. "ताई, तसं मोजायला बसलं तर पोळ्या कोण लाटंल?"

वर पोचल्यावर त्यांनी कणीक मळायला घेतली, मी पाय वर घेतला. आमच्याकडचं काम उभ्यानं सव्वा तास. अशी पाच घरं. त्यांतली चार जिन्याची. नऊ वर्षांत मी कितीतरी जणांना कौतुकानं सांगितलं होतं, "आमच्या मावशींचा एक खाडा नसतो. पाऊस असो, ताप असो, येणार म्हणजे येणार." दिवाळीत साडी देताना त्यांनाही सांगितलं होतं. ज्या गोष्टीसाठी अस्थिरोगतज्ज्ञ मला रागावले होते, त्याच गोष्टीसाठी मी मावशींना नऊ वर्षं शाबासकी देत होते.

माझी कसोटी तिथं मोडली. मावशी दुखणं लपवत होत्या, मग तो हट्ट झाला का? त्यांनी सांगितलं असतं तर काय झालं असतं? पहिल्या आठवड्यात मी "अरे अरे" म्हटलं असतं. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं असतं, कुणाकडे पोळ्यांना चांगली बाई आहे का. त्यांना हे माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. माझ्या खोटं बोलण्याचं कारण माझ्या आत होतं, त्यांच्या गप्प बसण्याचं कारण मी होते. मी उगाच लपवत होते, त्या नाइलाजानं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, दोघी कठड्याला धरून चढत असतो.

माझ्या पायाला जी इजा झाली तिचं वैद्यकातलं पहिलं वर्णन १८५५ सालचं, प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं केलेलं आहे. कूच करून करून सैनिकांचे पाय सुजत, दुखत. एक्स-रेचा शोध लागला नव्हता, त्यामुळे आत हाडाला तडा आहे हे कळायला आणखी चाळीस-एक वर्षं गेली. मला हे वाचताना वाटलं, हा आजार मुळात हौशी लोकांचा नाहीच. ज्यांना थांबायची मुभा नव्हती त्यांचा तो आहे. आम्ही तो फी भरून विकत घेतला.

*

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. पाली विनयपिटकात ती आहे. सोण नावाचा चंपा नगरीतला एका श्रीमंत घरातला मुलगा भिक्षू झाला. इतका लाडात वाढलेला की पायाखाली कधी माती लागलेली नव्हती. भिक्षू झाल्यावर त्यानं चालत ध्यान करायचं असं काही मनावर घेतलं की तळपाय फुटून वाट रक्तानं भरली. तरीही काही साधेना, तेव्हा त्याच्या मनात आलं, घरी परत जावं, संपत्ती आहे, दानधर्म करावा. बुद्धानं त्याला विचारलं, तू घरी वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर? इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. मलाही फिजिओच्या प्रतीक्षा-खोलीत बसून ती आठवली होती आणि तार, ताण, नडगी असं सगळं छान जुळत होतं.

पण गोष्ट तिथं संपत नाही, हे मला पुढे वाचल्यावर कळलं. नंतर बुद्ध सोणाला म्हणाला, तू फार सुकुमार आहेस, तुला एकपदरी वहाणा घालायची परवानगी देतो. सोणानं ती घेतली नाही. त्याचं म्हणणं असं की, एवढी संपत्ती सोडून आलो, आता मी एकट्यानं वहाणा घातल्या तर लोक म्हणतील, हा वहाणेत अडकला. संघातल्या सगळ्यांना परवानगी असेल तर मीही घालेन, नसेल तर मलाही नको. मग बुद्धानं सगळ्या भिक्षूंना वहाणांची मुभा दिली.

वीणेची गोष्ट मला माझ्यापुरती पुरत होती. वहाणेची पुरेना. माझ्या एकटीच्या पायाला आठ आठवडे विश्रांती आणि त्या विश्रांतीच्या वेळात माझ्यासमोर पाच वर्षं दुखणाऱ्या गुडघ्यावर उभी असलेली बाई, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

मी मावशींना म्हटलं, आठवडाभर येऊ नका, पगार कापणार नाही, गुडघा दाखवून घ्या. त्या तव्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही द्याल ओ सुट्टी. बाकीच्या चार घरांचं काय? एका घरी नाही गेले न् चार घरी गेले, तर गुडघ्याला काय कळतंय?"

सोणाचं म्हणणं आणि मावशींचं म्हणणं यात फरक एवढाच, की सोणाला नाही म्हणता येत होतं.

*

पुढे काय झालं ते जसं झालं तसं सांगते.

आठ आठवड्यांनी धावायला परवानगी मिळाली. एक मिनिट धावायचं, चार मिनिटं चालायचं. शर्यत येईपर्यंत मी सलग वीस मिनिटांवर पोचले होते. डॉक्टर म्हणाले, पोहा, सायकल चालवा, एकवीस किलोमीटर पायी नाही, चालतसुद्धा नाही. नवऱ्यानं विचारलं, मग जायचं कशाला? उत्तर मला नीट देता आलं नाही. पण गेलो. मिरामारच्या पाण्यात उतरले, पोहून निघाले, नव्वद किलोमीटर सायकल चालवली, हातात बऱ्यापैकी वेळ राखून परत आले. सायकल अडकवली, शिरस्त्राण काढलं. शेजारी लोक धावायचे बूट चढवत होते.

आणि पाय दुखत नव्हता. हे मी धरून चाललेच नव्हते. त्या क्षणी कुणी विचारलं असतं, शून्य ते दहा, तर मी खरंखुरं शून्य सांगितलं असतं. सगळी तयारी दुखणं ऐकायची केली होती आणि ऐकायला काही नव्हतं. वेळ हाताशी होता, नुसतं चालले असते तरी रेषेपर्यंत पोचले असते. मग लक्षात आलं की दुखणं फक्त आत्ताचं सांगतं. हाडाला अजून कित्येक आठवडे बांधकाम करायचं आहे, हे ते सांगत नाही. ते मला फिल्म उजेडाकडे धरणाऱ्या माणसानं सांगितलं होतं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही एवढाच प्रश्न उरला होता. घोट्यावरची चिप सोडून मी तिथल्या स्वयंसेवक मुलीला दिली. ती म्हणाली, "आर यू शुअर?" मी शुअर नव्हते. पण दिली. निकालात माझ्या नावापुढे तीन अक्षरं आहेत, डीएनएफ, म्हणजे पूर्ण केली नाही. रांगणाऱ्या ज्युली मॉसबद्दल माझा आदर कमी झालेला नाही. मी तिच्या जागी नव्हते, एवढं आता कळतं.

मावशींचं इतकं सरळ झालं नाही. मी त्या जातात त्या बाकी चार घरी गेले. दोन घरं महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या आणि आजारपणाची वेगळी सुट्टी द्यायला तयार झाली. एका घरातून "अशानं सवय लागते" असं उत्तर आलं. तिथं मी वाद घातला आणि संबंध बिघडवून घेतले. चौथ्या घरानं विचार करतो म्हटलं, अजून करतायत. गुडघा दाखवला. झीज आहे, व्यायाम दिलेत, त्या ते करत नाहीत. सुट्टीच्या पहिल्या रविवारी मावशी कामावर आल्या. "घरी बसून काय करू, घरीबी पोळ्याच," म्हणाल्या. मला वाटतं त्या बघत होत्या, सुट्टी खरी आहे की नुसती बोलायची.

महिन्याभरानं एका मंगळवारी सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. "ताई, आज गुडघा लई दुखतोय. येत नाही."

नऊ वर्षांतला पहिला खाडा. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं होतं: आज? आजच? नऊला मीटिंग आहे, डब्याचं काय? क्षणभर मी काही बोललेच नाही. फोनच्या त्या बाजूलाही शांतता होती. माझ्या आवाजाकडे कान लावून बसलेली. ती शांतता मी ओळखली. फिजिओचा अंगठा नडगीवर असताना माझ्याकडे अशीच होती.

"बरं केलंत सांगितलंत," मी म्हटलं, "आज पाय वर ठेवून बसा." आवाज पुरेसा खरा लागला की नाही, मला माहीत नाही. फोन ठेवला आणि कणीक भिजवायला घेतली.